डाऊन सिंड्रोमवर काम करणाऱ्या नवख्या संशोधकांना फेलोशिप पुरेशी नाही का?

फेलोशिप हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. पगार निघाला तरी उंदरांचा खर्च कोण देणार? डाऊन सिंड्रोम जादा गुणसूत्रामुळे होतो; त्याच्या अभ्यासासाठी या क्षेत्रात वर्षानुवर्षे वापरला जाणारा, तसंच जादा गुणसूत्र असलेला टीएस६५डीएन जातीचा उंदीर घ्या. त्याचे नर सहसा प्रजननक्षम नसतात, पिल्लं कमी होतात आणि त्यातल्या निम्म्यांहून कमी पिल्लांतच ते जादा गुणसूत्र उतरतं. प्रयोगापुरती संख्या जमेपर्यंत फेलोशिपच्या कराराचा बराच काळ सरतो. म्हणून मला तयार नमुने आणि सामायिक डेटा ही सगळ्यात कामाची मदत वाटते. अमेरिकेच्या एनआयएचने (सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने) २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘इन्क्लूड’ या डाऊन सिंड्रोम संशोधन प्रकल्पाचं डेटा हब त्यासाठीच आहे.

दुसरा मुद्दा श्रेयाचा, आणि तो या विषयाच्या जन्मापासूनचा. पॅरिसमध्ये डॉक्टर मार्थ गोतिए यांनी कर्ज काढून काचसामान आणलं, सीरमसाठी (पेशींना पोसणाऱ्या रक्तातल्या द्रवासाठी) स्वतःचं रक्त वापरलं, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशी वाढवल्या. त्यांत नेहमीच्या ४६ गुणसूत्रांपलीकडचं ४७वं गुणसूत्र दिसलं. स्लाइड फोटोसाठी नेल्या त्यांचे सहकारी जेरोम लेज्यून यांनी, आणि १९५९ च्या शोधनिबंधात पहिलं नावही त्यांचंच. (गोतिएंचं नाव तर चुकीचं छापलं गेलं!) तेव्हा लेखकांचा क्रम प्रयोगाआधीच गाइडशी बोलून लेखी ठरवा. गाइड टाळाटाळ करत असेल, तर लॅब बदलायचा विचार तेव्हाच करा.