१९९१ चा खड्डा: आधी रूबलचा दर तपासा

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. हंगेरीचा कॉमेकॉन (सोव्हिएत गटातल्या देशांची आर्थिक संघटना) देशांशी व्यापार १९९१ मध्ये अचानक कोसळलेला दिसतो, त्याचं कारण काय लिहू, असं विचारलंय तुम्ही. एम.फिल.ला हाच आलेख काढून मी त्यावर अख्खं प्रकरण रचलं होतं.

आधी सांगा, आकडे डॉलरमध्ये कुठल्या दराने आणलेत? अधिकृत दराने असतील तर घोळ तिथेच आहे. १९६४ पासून या देशांचा आपसातला हिशेब ‘हस्तांतरणीय रूबल’ या फक्त हिशेबापुरत्या चलनात व्हायचा. कागदावर त्याचं सोनं ०.९८७४१२ ग्रॅम, म्हणून तो डॉलरपेक्षा महाग. पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हंगेरीत रूबल आणि डॉलर यांचे फोरिंटमधले (तिथल्या चलनातले) भाव शेजारी मांडा, रूबल अर्ध्या डॉलरच्या आसपास येतो. १ जानेवारी १९९१ पासून हिशेब थेट डॉलरमध्ये. म्हणजे डावीकडे फुगलेला रूबल, उजवीकडे खरा डॉलर, आणि मधला बराचसा खड्डा आपणच खणलेला!

हे आकडेवारीसोबतच्या टिपांच्या खंडात छापलेलं होतं. पण ग्रंथालयात तीन महिने एकच उत्तर, ‘बाइंडिंगला गेलाय.’ मान वर न करता. नंतर तो त्यांच्याच टेबल फॅनखाली टेकू म्हणून सापडला. तोवर प्रबंध सादर झाला होता. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न: ‘दर कुठला धरलात?’ सहा महिने गेले पुनर्लेखनात.

पडझड झालीच नाही असं म्हणत नाही. मॉस्कोकडे डॉलर नव्हते, कारखान्यांच्या ऑर्डरी बुडाल्या. पण माझ्या मते दुखणं जुनं होतं. नाव हस्तांतरणीय, पण पोलंडकडे शिल्लक राहिलेला रूबल घेऊन प्रागला खरेदी करता येत नसे. १९७६ पासून तेलाचा भाव जागतिक भावाच्या पाच वर्षांच्या सरासरीने ठरायचा; आधी तो स्वस्त पडला, १९८६ ला बाहेर भाव कोसळले तेव्हा तोच महाग. (मी अर्थतज्ज्ञ नाही, रशियनही जेमतेम वाचतो. गाइडना विचाराच.)

जाता जाता: पूर्व जर्मनी ऑक्टोबर १९९० मध्येच नकाशावरून गेली, १९९० आणि १९९१ दोन्ही वर्षांतून ती वगळा. भारताचा रुपया व्यापार यात मिसळू नका, तो वेगळा द्विपक्षीय करार होता. कॉमेकॉनच्या विसर्जनाची तारीख २८ जून १९९१, बुडापेस्ट. डिसेंबर लिहू नका, तो सोव्हिएत संघाचा.