छतावर पॅनेल बसवायला एम.टेक. कशाला?

प्रश्न : माझी मुलगी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी मिळत असताना तिला पवईच्या आयआयटीत ऊर्जा विषयात एम.टेक. करायचंय. सोलर पॅनेल तर आमच्या गल्लीतली पोरंही बसवतात. दोन वर्षं घालवून ही वेगळं काय शिकणार?
— एक पालक, बार्शी

उत्तर : सोलापुरात मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकला शिकवलं. मुलांचे वडील असेच प्रश्न घेऊन यायचे. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला निवृत्तीनंतर माझ्याच गच्चीवर मिळालं.

पॅनेलवर ३५० वॅट छापलेलं असतं ते आतले सेल, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चकत्या, २५ अंशांवर असताना. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी पॅनेलला हात लावून बघा, चटका बसतो. आतला सेल ६५ अंशांच्या घरात गेलेला असतो. सिलिकॉनचा सेल दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के ताकद गमावतो. चाळीस अंशांचे झाले १४ टक्के. म्हणजे कडक उन्हातही हाती येतात तीनशेच वॅट. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते, आणि आपल्याकडे दोन्ही एकत्रच येतात.

दुसरी गोष्ट. माझ्या गच्चीवर पॅनेल बसवणारी पोरं बुटांसकट पॅनेलवर उभी राहिली होती. काच शाबूत होती म्हणून मी गप्प बसलो. पुढे सहापैकी दोन पॅनेलं मंदावली. आतल्या सेलला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. तो शोधायची युक्ती मला फार सुंदर वाटते : अंधारात पॅनेलला बाहेरून वीज द्यायची, मग ते स्वतःच उजळतं. तो प्रकाश आपल्याला दिसत नाही, खास कॅमेऱ्याला दिसतो; आणि तड्यानं तुटलेला भाग काळा राहतो.

हे सगळं कुणीतरी बसून शोधावं लागतं. पवईला २०१० साली केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या पैशातून सौर विजेच्या संशोधन-शिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. तिथल्या लोकांनी २०१३पासून अनेकदा देशभर फिरून, अगदी लडाखपर्यंत, प्रत्यक्ष उन्हात उभी असलेली पॅनेलं तपासली. उष्ण भागातली लवकर झिजतात आणि जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या छतांवरच्यांची अवस्था वाईट असते, असं त्यांना आढळलं. ती छोटी छतं तुमची-माझी आहेत! सिलिकॉनवर पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचा पातळ थर देऊन जास्त वीज काढायचं कामही तिथं चाललंय; तो थर दमट हवेत टिकवणं अवघड आहे.

तेव्हा गल्लीतली पोरं करतात ते काम मोलाचंच, पण पॅनेल दहा वर्षांनी का थकलं हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. तुमची लेक ते शिकेल. तिला जाऊ द्या, असं मी मनापासून सांगतो.

खर्चाचं म्हणाल तर, गेट या प्रवेशपरीक्षेतून प्रवेश मिळालेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन असतं. त्यासाठी विभागात शिकवण्याला हातभार लावावा लागतो. गेट फेब्रुवारीत असते, अर्ज आदल्या पावसाळ्याच्या शेवटी भरतात. आणि पवईला जाण्याआधी तिला बार्शीतल्याच चार गच्च्यांवर चढून पॅनेलं बघून यायला सांगा, दुपारी दोन वाजता.