‘मोतीबिंदू उतरला’ म्हणजे आला की गेला?

प्रश्न अमळनेरहून आला आहे. घरच्या जुन्या दप्तरात इंग्रजी अमदानीतलं एक छापील हस्तपत्रक सापडलं. गावोगाव फिरणाऱ्या डोळ्या-कानाच्या ‘खास डॉक्टर’चं. त्यात चीरफाड न करता मोतीबिंदू ‘उतरवून देऊ’ आणि बहिरेपण ‘शर्तिया’ घालवू, अशी हमी आहे. विचारणाऱ्यांची अडचण अशी: घरातली जुनी माणसं ‘मोतीबिंदू उतरला’ म्हणत ते मोतीबिंदू झाला या अर्थी. मग हा गृहस्थ तो उतरवून देणार म्हणजे नेमकं काय करणार?

घरातली माणसं बरोबर आहेत आणि हस्तपत्रकही चुकलेलं नाही. ‘उतरणे’ इथे तीन अर्थांनी येतं, आणि जाहिरातवाल्याला ते तिन्ही सोयीचे होते.

पहिला अर्थ रोग सुरू होण्याचा. युनानी वैद्यकात या विकाराचं नावच ‘नुज़ूल-उल-माअ’, म्हणजे पाण्याचं खाली उतरणं. मेंदूकडून दूषित पाणी उतरतं, बाहुलीमागे साचतं, गोठतं आणि नजर झाकते, अशी ती कल्पना. इंग्रजीतल्या ‘कॅटरॅक्ट’चा मूळ लॅटिन अर्थ धबधबा, तो याच समजुतीतून आला. हिंदी-उर्दूत अजूनही ‘आँख में मोतिया उतर आया’ म्हणतात. मराठीला ही रचना परकी नाही. आतडं उतरतं, पाणी उतरतं. जे वर असायचं ते खाली आलं की ‘उतरलं’.

दुसरा अर्थ बरं होण्याचा, आणि मराठी कानाला तो जास्त जवळचा. ताप उतरतो, सूज उतरते, नशा उतरते. मांत्रिक विंचू उतरवतो. जे चढलं होतं ते उतरलं.

खानदेशात यात आणखी एक गंमत आहे. अहिराणीत भूतकाळाचा प्रत्यय ‘-ना’: बसला म्हणजे ‘बसना’, पडला म्हणजे ‘पडना’, उतरला म्हणजे ‘उतरना’. हे रूप हिंदीच्या मूळ क्रियापदाशी अक्षर न् अक्षर जुळतं. हिंदी बोलणारा फिरता वैद्य ‘मोतिया उतरना’ म्हणजे रोग होणं असं सांगतोय, आणि समोरची म्हातारी ‘ताप उतरना’च्या चालीवर रोग गेला असं ऐकतेय. ‘डोयामा मोतीबिंदू उतरना’ यातून काय घ्यायचं ते शेवटी पुढच्या-मागच्या बोलण्यावरूनच ठरतं.

तिसरा अर्थ सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो शब्दशः आहे. हे फिरते वैद्य मोतीबिंदू, म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग, काढत नसत. तो डोळ्याच्या आतच खाली ढकलत. इंग्रजीत याला ‘काउचिंग’ म्हणतात, खाली निजवणं. म्हणजे ‘उतरवून देऊ’ हे शस्त्रक्रियेचं अचूक वर्णन आहे. ‘काढून देऊ’ लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

पद्धत फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ती आहे. तिथे रोगाचं नाव मोतीबिंदू नाही, कफज लिंगनाश, म्हणजे कफामुळे दृष्टी जाणं. मात्र त्याचं वर्णन करताना हलत्या कमळाच्या पानावरच्या पांढऱ्या थेंबाची उपमा येते. ‘बिंदू’ इतका जुना आहे. रोग्याला समोर बसवायचं, मदतनिसाने डोकं घट्ट धरायचं, नजर स्वतःच्या नाकाकडे लावायला सांगायची. जवाच्या आकाराच्या टोकाची शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूने घालायची. डावा डोळा उजव्या हाताने, उजवा डाव्या हाताने. नीट भेद झाला तर थेंबभर पाणी येतं. नंतर तुपात भिजवलेल्या कापडाची पट्टी, उताणं झोपणं, आणि ढेकर, खोकला, शिंक, थुंकणं वर्ज्य. ही पथ्यं उगाच नव्हती. जोर पडला की ढकललेलं भिंग पुन्हा वर यायचं.

ब्रिटिश काळातले फिरते लोक यात दोन हत्यारं वापरत. एक बारीक पात्याचं, टोकाचा थोडा भाग सोडून त्यावर सुताचा दोरा गुंडाळलेला. पातं ठरल्यापेक्षा खोल जाऊ नये म्हणून हा अडसर. त्याने केलेल्या भोकातून दुसरी, तांब्याची बोथट सळई आत घालायची आणि भिंग वरून दाबून मागे-खाली लोटायचं. काम काही मिनिटांचं. भूल नाही, आणि हत्यार उकळण्याची पद्धत नाही. उत्तरेत अशा माणसाला ‘सथिया’ म्हणत. (हिंदीत स्वस्तिकालाही ‘सथिया’ म्हणतात आणि गुजरातीत ‘साथियो’, उच्चार जुळतो एवढ्यावरून नातं लावू नये.) पंजाबात हे काम करणारे ‘रावळ’ होते. आपल्याकडचे वैदू मात्र वेगळे, झाडपाला आणि तुंबड्यांचे. जुन्या लिखाणात सगळ्या फिरत्या उपचारकांना सरसकट वैदू म्हटलेलं आढळतं, ते बरोबर नाही.

‘चीरफाड न करता’ हा मजकूरही असाच अर्धा खरा. फ्रान्समध्ये झाक दाविएलने १७४७ साली भिंग डोळ्याबाहेर काढायची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर रुग्णालयांतून बुबुळाच्या कडेने मोठी चीर देऊन ‘काढणं’ रूढ होत गेलं. त्या तुलनेत सळईचं भोक नगण्य. लोकांना सुरीची भीती, सरकारी दवाखाना दूर, आणि हा माणूस दारात येऊन चीर नाही म्हणतोय. शब्दाने जिंकायची जागा इथेच होती.

आता हमीचं. ‘शर्तिया’ वाचून मराठी माणसाला ‘अटी व शर्ती’ आठवतील, आणि हा सशर्त इलाज आहे की काय असं वाटेल. अर्थ नेमका उलटा आहे. अरबी ‘शर्त’ म्हणजे अट आणि पैजही. हिंदीतला ‘शर्तिया’ पैजेवरून आला. पैजेवर सांगतो, हमखास. मराठीत त्याच शब्दाचा ‘शर्थ’ झाला आणि तो पराकाष्ठेकडे वळला.

हमखास गुण दिसायचाही, हे मान्य केलं पाहिजे. पिकलेल्या मोतीबिंदूत माणसाला उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही. गढूळ भिंग वाटेतून हटलं की त्याच क्षणी उजेड आत शिरतो. वैद्य हातभर अंतरावर बोटं धरतो, ‘किती?’, आणि म्हातारा सांगतो, ‘तीन’. भोवती जमलेल्या माणसांसमोर हा खेळ झाला की पैसे तिथल्या तिथे. पण भिंगाविना डोळ्याला नीट दिसायला साधारण +१० क्रमांकाचा, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागतो. तो कोणी देत नसे. बोटं मोजता येत, चेहरा ओळखू येई, सुई ओवता येत नसे.

पुढचं बिघडायचं ते पट्टीखाली. आठ दिवस पट्टी सोडू नका, असं बजावून वैद्य पुढच्या गावी. अमळनेरहून एका बाजूला सुरत, दुसऱ्या बाजूला जळगाव-भुसावळ. भुसावळला नागपूरची आणि जबलपूरची वाट फुटते. पत्रकांत ‘मुक्काम’ या शब्दाला इतकं महत्त्व का, ते इथे कळतं: पत्ता नसतो, मुक्काम असतो. मळक्या सळईने आत पू झाला की दोन-तीन दिवसांत डोळा जायचा. तो वाचलाच तर बुबुळाभोवतीचा दाह, आतला रक्तस्राव, सुटलेल्या भिंगामुळे वाढलेला दाब, मागचा पडदा सुटणं. क्वचित एका डोळ्याच्या जखमेने दुसऱ्या, चांगल्या डोळ्यातही दाह उठतो आणि दोन्ही जातात. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट यांनी असे बिघडलेले डोळे मोठ्या संख्येने तपासले आणि १९१७ साली लंडनला या विषयावर व्याख्यानं दिली. त्यांच्यापुढे येणारे बहुतेक फसलेलेच, हे धरलं तरी चित्र वाईट आहे.

दुसरी चूक निवडीची. काचबिंदूत दाबाने मागची नस मरते. तिथे भिंग हटवून काहीही मिळत नाही. फरक ओळखायची साधी खूण त्या काळीही होती: अंधाऱ्या खोलीत दिवा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे धरायचा आणि उजेड कुठून येतो ते रोग्याला विचारायचं. चारही बाजू सांगता आल्या तर मागचा भाग बहुधा शाबूत. काहींना एवढंही करायचं नसे. जाता जाता: सुश्रुताच्या ‘तिमिर, काच, लिंगनाश’ या क्रमातला ‘काच’ ही वाढत्या विकाराची मधली पायरी आहे, आजचा काचबिंदू नव्हे. जुने ग्रंथ वाचताना इथे हमखास घोटाळा होतो.

‘पिकला’ या शब्दाने आजही नुकसान होतं म्हणून दोन वाक्यं जास्त. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं, ही अट सळईच्या आणि नंतरच्या जुन्या चिरेच्या शस्त्रक्रियेची होती. कच्च्या भिंगाचा मऊ गर आत राहून त्रास देई. आता बारीक छेदातून भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, तिथे पिकायची वाट बघायचं कारण नाही. उलट फार पिकला की गर पातळ होऊन झिरपतो, डोळा लाल होतो, प्रचंड ठणकतो आणि दाब चढतो. खानदेशात ‘थंडीत करू’ म्हणून काम पुढे ढकलतात, तेही त्याच जुन्या काळातलं पथ्य. फिरत्या मंडळींचा हंगामही तोच: कापूस विकून हातात पैसा आलेला, आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरलेली.

कानाचा भाग हस्तपत्रकात नेहमी शेपटासारखा येतो, कारण तो सोपा होता. मळाचा बोळा कानाची नळी पूर्ण बंद करतो तेव्हा ऐकू कमी येतं, दडे बसतात. कोमट तेलाचे थेंब घालून मळ मऊ करायचा, आकडीने काढायचा, की माणूस तिथेच दचकून ‘ऐकू आलं’ म्हणतो. हे खरं. पण नस गेलेल्या बहिरेपणाला हाच उपचार करून, हातचलाखीने कानातून खडा किंवा किडा ‘काढून’ दाखवायचीही पद्धत होती. नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. आकडी जरा आत गेली की पडदा फाटलाच. ‘कान फुटला’ म्हणजे कान वाहतोय, आणि ‘पडदा फाटला’ ही इजा. बोलण्यात दोन्ही एक होतात. पडदा फाटलेल्या कानात तेल-पाणी घातलं की वाहणं मागे लागतं.

या जाहिरातींना कायद्याने आळा घातला तो १९५४ साली. औषधे व जादूटोणा उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या त्या अधिनियमाच्या अनुसूचीत अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू आणि बहिरेपणा चारही आहेत. म्हणून सुरम्याच्या डबीवर पुढे ‘डोळ्यांना थंडावा’ एवढंच उरलं.

तेव्हा तुमच्या हस्तपत्रकातलं ‘उतरवून देऊ’ हे ‘सळईने खाली पाडून देऊ’ असं वाचा. त्या काळावर कथा लिहीत असाल तर फिरत्या वैद्याच्या तोंडी ‘काढतो’ घालू नका, ते दवाखान्यातल्या डॉक्टरसाठी ठेवा. आणि आजीच्या तोंडी ‘उतरला’ खुशाल राहू द्या, फक्त पुढे ‘दिसत नाही’ किंवा ‘आता दिसतंय’ यांपैकी एक जोडा.