ठाणे–महापे रोजच्या प्रवासासाठी रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ मोटरसायकलला रोड टायर कोणते घ्यावेत? मागे १४० मिमी रुंद टायर बसेल का?

१४० बसतो. बसवू नका.

कासारवडवलीहून महाप्याला रोज, नव्वद टक्के डांबर आणि काँक्रीट, असं तुम्ही लिहिलंय. टायर कोणता ते पुढे सांगतो. आधी १४०चं, कारण "रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप" हे काउंटरवरचं वाक्य ऐकून लोक पैसे घालवतात आणि पावसात आपटतात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका ४११चं मागचं चाक उघडलं. १४०/८०-१७ (रुंदी १४० मिमी, उंची तिच्या ८० टक्के, रिम १७ इंची), जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेला. तक्रार अशी की माजिवड्याच्या वळणावर गाडी आधी आत यायलाच तयार नसते आणि मग एकदम कोसळते. कारण चाकाकडे बघूनच कळत होतं. १४०ला साधारण साडेतीन इंची रिम लागते, ४११ची मागची रिम त्याहून बरीच अरुंद. त्यामुळे टायरच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जातात आणि मधला भाग टोपीसारखा वर येतो. मोजला तर टायर १४० भरतच नव्हता. रबर मधल्या दोन-तीन बोटांच्या पट्ट्यात सपाट झालेलं, कडा मात्र कोऱ्या. शिवाय चेन टायरला इतकी जवळ की ल्यूबचा (चेनच्या वंगणाचा) काळा थर टायरच्या भिंतीवर चढलेला. परत १२०/९०-१७ घातला, नवी ट्यूब टाकली, तक्रार संपली. दुकानदाराने तेव्हाही "आधीचाच भारी दिसत होता" असंच ऐकवलं. दिसण्याचा इथे काही संबंध नाही.

टायरचा रस्त्याला टेकणारा भाग ढोबळमानाने चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब एवढा असतो. रुंदी वाढवली तर तो आडवा पसरतो आणि लांबीने आखूड होतो, क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही. साचलेल्या पाण्यात तर अरुंद टायर पाणी जास्त चांगलं कापतो. विटाव्याच्या पुलाखालून जुलैत जाणाऱ्याला हे कळायलाच हवं. एक माप वर जायचंच असेल तर १३०/८०-१७. त्याला अडीच इंची रिमही चालते आणि व्यास मूळ टायरपेक्षा जेमतेम ८ मिमी कमी भरतो.

आता पॅटर्न, म्हणजे टायरवरची नक्षी. मोठ्या ठोकळ्यांचे टायर ओल्या काँक्रीटवर आणि पांढऱ्या पट्ट्यांवर निरुपयोगी. ब्रेक दाबला की ठोकळे वाकतात, रस्त्याला टेकणारं रबर मुळातच कमी, आणि ठाणे-बेलापूर रोडसारख्या सरळ रस्त्यावर मधली ओळ आधी संपते. मध्यभागी अखंड रबर, त्यात बारीक चिरा आणि कडेपर्यंत जाणाऱ्या खोल तिरक्या खाचा, असा टायर घ्या. पुढच्या ९०/९०-२१मध्ये असे पर्याय मोजकेच. मेट्झेलर टूरन्स आणि पिरेली स्कॉर्पियन ट्रेल २ त्या मापात बनतात. पुढचं आणि मागचं शक्यतो एकाच जोडीचं असू द्या. मागे रोड आणि पुढे ठोकळे ही काटकसर सगळ्यात वाईट, कारण ब्रेकचा बहुतेक भार पुढच्यावर येतो.

विकत घेताना टायरच्या भिंतीवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. दोन वर्षं पडून राहिलेला टायर सवलतीतही नको. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको: ५४ म्हणजे २१२ किलो, ६४ म्हणजे २८०.

स्पोकच्या रिममध्ये ट्यूबलेस टायर ट्यूब टाकून चालतो, पण ट्यूब नवीनच हवी. जुनी ताणलेली असते, नव्या टायरमध्ये घडी पडते आणि तिथेच फाटते. रिम टेपही (स्पोकच्या टोकांपासून ट्यूब वाचवणारी पट्टी) बघून घ्या. टायरवरच्या बाणाची दिशा तपासा, पिवळा ठिपका असेल तर व्हॉल्व्हपाशी आणा. शेवटची कड चढवताना समोरची बाजू गुडघ्याने रिमच्या खोलगट भागात दाबून धरा, साबणाचं पाणी लावा. टॉमीवर (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीवर) जोर लावावा लागतोय म्हणजे ट्यूब चिमटतेय. चाक ब्रेकच्या डिस्कवर आडवं टाकू देऊ नका. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, वर टोपीशी नेऊन ठेवा. हवा कमी पडून टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो, आवळलेला असेल तर मुळातून तुटतो.

हवा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, टायर थंड असताना. चेनची ढील पुन्हा बघा. पहिले दीडशे किलोमीटर नव्या टायरवर गाडी जोरात झुकवू नका, पावसात तर नाहीच.

एक राहिलं. दर रविवारी येऊरच्या पलीकडे किंवा माळशेजच्या बाजूला चिखलात उतरत असाल तर वरचं पॅटर्नचं सगळं सोडा, हे टायर ओल्या लाल मातीत लगेच भरून गुळगुळीत होतात. १४० मात्र तेव्हाही नको.