काकांचे एआर-३ए: आवाज दबका का येतो?

वेंगुर्ल्याच्या घरी वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली, काकांनी बोटीवर असताना आणलेली एआर-३ए स्पीकरची जोडी आता लावली तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. मग हिचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्ही विचारलंय.

कौतुक खोटं नव्हतं. एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च (म्हणजेच एआर) ही स्पीकरची कंपनी काढली. तोवर खोल बास (खर्जातला आवाज) हवा तर खोकंही अवाढव्य लागे. व्हिल्चर यांनी लहान खोकं हवाबंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंगच्या कामाला लावलं. १९५८ च्या एआर-३ मध्ये घुमटाकार ट्विटर, म्हणजे बारीक-उंच आवाजाचा छोटा स्पीकर, आला. पुढे कंपनी फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार वादकांच्या चमूला मंचावर बसवायची आणि मध्येच वादकांऐवजी स्पीकर वाजवायची. भल्याभल्यांना पत्ता लागत नसे.

१९६७ मध्ये कंपनी टेलिडाइन या बड्या कंपनीकडे गेली आणि घसरली, असं सर्रास म्हणतात. मला नाही पटत. ३ए त्याच वर्षी आला, आणि १९७८ चा एआर-९ ऐकलेला माणूस असं बोलणार नाही. बदलली ती ऐकणाऱ्यांची आवड. रॉकला जेबीएल एल-१०० या दुसऱ्या कंपनीच्या स्पीकरचा अंगावर येणारा आवाज शोभला, एआर मवाळ ठरला. इभ्रत खरी गेली ती नंतर, नाव या हातातून त्या हातात फिरून केबलींवर दिसू लागलं तेव्हा.

तुमच्या जोडीचं दुखणं बहुधा मागच्या दोन नॉबमध्ये आहे. एक मिडरेंजचा (मधल्या सुरांच्या स्पीकरचा), एक ट्विटरचा. आतले कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. अमेरिकेतल्या घरांतही पडतात, आपल्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका. अ‍ॅम्प बंद ठेवून दोन्ही नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवा. मग लावल्यावर खरखरत का होईना ट्विटर बोलला, तर तो शाबूत आहे. पुढे कॉन्टॅक्ट क्लीनर, नाहीतर नवे पॉट (नॉबमागचे आवाज कमी-जास्त करणारे भाग).

समोरचं कापड जपून काढा आणि वूफरची (खर्जाच्या मोठ्या स्पीकरची) कड बघा. फोम असेल आणि बोट लावताच भुगा होत असेल तर वाजवणं थांबवा, नाहीतर आतली तारेची कॉइल घासेल. अगदी सुरुवातीच्या जोड्यांना कापडी कड होती. ती निघाली तर नशीबवान आहात. कड धड असेल तर कोन (वूफरचा हलणारा पडदा) अलगद आत दाबून सोडा. सावकाश वर आला तर खोकं हवाबंद, टुणकन उसळला तर कुठून तरी हवा गळतेय.

अ‍ॅम्प ४ ओहमच्या भाराला न डगमगणारा, दणकट घ्या. हे स्पीकर वॅट खातात. आणि गणपतीत भजनाला अंगणात मांडायचा बेत असेल तर राहू द्या, तिथे आहुजाचा भोंगाच बरा.