सावा: तण की धान्य?

प्रश्न असा आला: "आमच्याकडे चोपड्याला कपाशीत उगवणाऱ्या एका गवताला सावा म्हणतात आणि निंदून बांधावर फेकतात. मग शब्दकोशात सावा धान्य कसा?"

दोन्ही बरोबर. कपाशीतला सावा रानटी आहे आणि धान्याचा सावा त्याच्यापासूनच निपजलेला. शब्दही एकच, संस्कृत श्यामाक. प्राकृतातून मराठीत येताना 'म'चा 'व' झाला, जसं ग्रामचं गाव, नामचं नाव. श्यामलचा सावळा झाला तोही याच वाटेने, म्हणजे सावा आणि सावळा एका घरातले. यंदा निंदताना एक रोप उपटून बघाच. कोवळ्या पानांवर पुष्कळदा जांभळट आडवे पट्टे असतात, कणसावरही तीच झाक. मला नावाचं कारण तिथंच दिसतं.

तण म्हणून बघणारा इतकं निरखत नाही, खाणारा निरखतो. यजुर्वेदातल्या 'चमक' नावाच्या प्रार्थनेत व्रीही (भात), यव (जव), तीळ, गहू यांच्या पंगतीला श्यामाक आणि नीवार, म्हणजे रानभात, बसलेत. थोडं पुढे 'कृष्टपच्य' आणि 'अकृष्टपच्य' अशी जोडी येते: नांगरून पिकतं ते आणि न नांगरता पिकतं ते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा आपल्या आयाबायांचा नेम मला या अकृष्टपच्याचाच धागा वाटतो.

आणि हे खाणं वेदांहून जुनं आहे. इजिप्तमध्ये नाग-एद-देर इथं फराओंच्याही आधीच्या माणसांच्या आतड्यांत याच रानसाव्याचे अवशेष सापडले. आपल्या तापीकाठी सावळदा, प्रकाशा इथं सुमारे 4000 वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या वस्त्या होत्या. पिकं बुडाली त्या साली न पेरता आलेला सावा त्यांच्या चुलीवर शिजला असेल, हे मला अगदी शक्य वाटतं. काढायला विळाही नको. रानसाव्याचा दाणा पिकला की आपोआप गळतो, कणीस टोपलीवर वाकवून झटकलं की झालं.

फक्त मोरधन किंवा भगर म्हणजे सावाच, असं धरू नका. ती नावं सडलेल्या, म्हणजे कांडून टरफल काढलेल्या, दाण्याची. दुकानात त्या नावाने वरीही मिळते आणि सावाही.