खडकवासल्याला निघण्यापूर्वी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बारावीचा अभ्यास सांभाळून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, परीक्षा द्यायचे तू ठरवले आहेस आणि बाबांना हा विचार अजून पटलेला नाही, हे मला तुझ्या आईकडून आधीच कळले होते. पत्रातले दोन प्रश्न मात्र नवे होते. पायदळ आणि रणगाडा दल मुलींना अजून खुले नसेल तर सैन्यात जाण्याला अर्थ किती, हा पहिला. आणि मुलगी म्हणून तिथे जन्मभर स्वतःला सिद्ध करत राहावे लागते का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे एका शब्दात देता येत नाहीत, तेव्हा पत्र लांबणार हे गृहीत धर.

ज्या दारातून तू आत जाऊ पाहतेस ते कसे उघडले, हे आधी नीट समजून घे. १९५० च्या सेना कायद्याच्या १२ व्या कलमानुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या शाखा खुल्या करील, तेवढ्या सोडून सैन्यात स्त्रियांना प्रवेश नाही. हे कलम आजही कायद्यात आहे. वैद्यकीय आणि परिचर्या सेवांमध्ये स्त्रिया फार पूर्वीपासून होत्या. पण त्यांच्या बाहेर अधिकारी म्हणून दार उघडले ते १९९२ मध्ये, आणि तेही पाच वर्षांच्या बोलीवर. त्या पहिल्या अधिसूचनेत टपाल, कायदा, शिक्षण आणि दारूगोळा-साहित्याची भांडारे सांभाळणारी शाखा होती. पुरवठा दलही होते, पण त्यात जागा होती ती अन्नशास्त्रज्ञ आणि खानपान अधिकारी म्हणून. स्वयंपाकघर काही सुटले नाही, असे तेव्हा आम्ही हसून म्हणत असू. वर्षअखेरीस सिग्नल्स, इंजिनिअर्स, गुप्तवार्ता यांसारख्या शाखा जोडल्या गेल्या. पाचाची दहा आणि दहाची चौदा वर्षे झाली. कायम नियुक्ती, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची सेवा, २००८ मध्ये मिळाली ती फक्त कायदा आणि शिक्षण या दोन शाखांपुरती. बाकीच्या शाखांसाठी १७ फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागावा लागला. त्या खटल्यात सरकारची एक बाजू अशी होती की, बहुसंख्य जवान ग्रामीण भागातून येतात आणि स्त्रीचे नेतृत्व स्वीकारण्याची त्यांची मानसिकता नाही. न्यायालयाने ती फेटाळली आणि महिला अधिकाऱ्यांना केवळ कार्यालयीन पदांपुरते ठेवणारी अटही रद्द केली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या, असा अंतरिम आदेश आला. सरकारने आणखी काही महिने मागितले, ते न्यायालयाने दिले नाहीत. पहिल्या खेपेला जागा होत्या १९. दहा भूदलासाठी, सहा हवाई दलासाठी आणि तीन नौदलासाठी. त्यांपैकी १७ मुली ३० मे २०२५ रोजी १४८ व्या तुकडीबरोबर खडकवासल्याच्या संचलनातून बाहेर पडल्या.

इथपर्यंतचा इतिहास वर्तमानपत्रांनी तुझ्यापर्यंत पोहोचवला असेल. मला तुला सांगायचे आहे ते २५ मार्च २०२१ च्या, फारशा चर्चेत न आलेल्या, एका निकालाबद्दल. २०२० च्या निकालानंतर महिला अधिकाऱ्यांची कायम नियुक्तीसाठी छाननी झाली आणि त्यांतल्या अनेकजणी वगळल्या गेल्या. त्या पुन्हा न्यायालयात गेल्या, तेव्हा छाननीची पद्धतच उघडी पडली. पुरुष अधिकाऱ्याची ही निवड सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी होते, म्हणजे ऐन तारुण्यात. त्या वयाला लावायचा वैद्यकीय निकष चाळिशीतल्या आणि त्यापुढच्या बायकांना लावला गेला. दुसरी बाब गोपनीय अहवालांची. सैन्यात प्रत्येक अधिकाऱ्याचा दरवर्षी अहवाल लिहिला जातो, त्यालाच सगळे एसीआर म्हणतात. छाननीसाठी धरले गेले ते पहिल्या पाच किंवा दहा वर्षांचे अहवाल, आणि ते लिहिले गेले तेव्हा लिहिणाऱ्या वरिष्ठाला पक्के ठाऊक होते की ही बाई काही वर्षांनी घरी जाणार आहे, तिची कोणाशी स्पर्धा नाही. अशा माणसाबद्दल कोण बारकाईने लिहील? 'काम समाधानकारक' एवढ्यावर भागत होते. बढतीसाठी उपयोगी पडणारे अभ्यासक्रम आणि नेमणुकाही त्यांच्या वाट्याला सहसा आल्या नव्हत्या. त्यानंतरच्या वर्षांत मिळवलेली पदके, सन्मान, खेळांतले यश, हे तर हिशेबातच नव्हते. निकष कागदावर सर्वांना सारखे होते आणि त्यांचा परिणाम मात्र एकाच बाजूला जात होता. न्यायालयाने त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले.

हे तुला वयाच्या सतराव्या वर्षी का सांगते आहे, असे तुला वाटेल. कारण तुझी पिढी आत जाते आहे ती नोंदींच्या या व्यवस्थेत, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या फायलीत आहे. पहिल्या दिवसापासून तुझा अहवाल स्पर्धेतल्या माणसाचा असला पाहिजे, आणि तो तसा व्हावा यासाठी करण्यासारखे बरेच काही तुझ्या हातात असते. अहवालाचा जो भाग तुला वाचून सही करायला दाखवतात तो घाईत सही करून परत देऊ नकोस. मोघम वाक्य दिसले तर नम्रपणे विचार की कमी कुठे पडले. वर्षभर आपण काय केले याची तारीखवार टिपणवही ठेव. यंग ऑफिसर्स कोर्स, म्हणजे नव्या अधिकाऱ्यांचा पहिला अभ्यासक्रम, आणि त्यानंतरचे अभ्यासक्रम वेळेवर माग, चांगल्या श्रेणीत पूर्ण कर. तुला कोणी अडवेल याची भीती मला कमी वाटते. तुला कोणी सांभाळून घेईल याची जास्त वाटते. रात्रीची गस्त नको, पुढच्या चौकीवर नको, हिवाळ्यात उंचावर नको, अशी वडीलकीची काळजी करणारा एखादा सज्जन कमांडिंग ऑफिसर तुला भेटेलच. त्याच्या मनात काही वाईट नसते. पण अशी दोन-तीन वर्षे गेली की तुझ्या फायलीत अवघड नेमणूक एकही नसते आणि बरोबरीच्या मुलांच्या फायलीत असतात, मग बढतीच्या मंडळापुढे तो सज्जनपणा कामी येत नाही. तेव्हा अवघड काम तोंडाने मागून घे. सूत्रसंचालन, पाहुण्यांचे स्वागत, छायाचित्रात पुढची जागा, यांसाठी सारखे तुझेच नाव पुढे येऊ लागले तर एकदा हसून कर आणि दुसऱ्यांदा दुसऱ्याचे नाव सुचव.

कर्नल सोफिया कुरेशी यांचा चेहरा देशाने पाहिला तो ७ मे २०२५ च्या सकाळी, ऑपरेशन सिंदूरच्या वार्ताहर बैठकीत. तुझ्या पत्रातही त्यांचा उल्लेख आहे. पण २०१६ च्या मार्च महिन्यात आपल्या पुण्यातच, औंधच्या लष्करी तळावर, १८ देशांचा 'फोर्स १८' हा सराव झाला, त्यात भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि सगळ्या देशांच्या तुकडीप्रमुखांमध्ये त्या एकट्या स्त्री होत्या. त्याआधी २००६ मध्ये त्या काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होत्या. २०२० च्या निकालपत्रात न्यायालयाने या कामगिरीचा दाखला दिला. टीव्हीवरच्या त्या सकाळच्या किती आधीपासून नोंद तयार होत होती, ते बघ.

जवान स्त्रीचे ऐकतात का, हा प्रश्न तुझ्या बाबांनी विचारला आहे असे दिसते. माझा अनुभव सांगते. नव्या अधिकाऱ्याची परीक्षा जवान घेतातच, मग तो पुरुष असो की स्त्री, आणि ती परीक्षा बहुधा रजेच्या अर्जावर होते. माझ्या पहिल्या युनिटमधल्या सुभेदार साहेबांनी मला रजेचे रजिस्टर समोर ठेवून सांगितले होते की, कुणाच्या गावी पेरणी कधी असते आणि कुणाच्या बहिणीचे लग्न कुठल्या महिन्यात आहे, हे आधी पाठ करा, हुकूम मग द्या. शस्त्र उघडून जोडता येणे, दौडीत मागे न पडणे आणि चूक झाली तर ती खालच्याच्या माथी न मारणे, एवढ्या गोष्टी जमल्या की कंपनीत 'मॅडम' काय आणि 'साहेब' काय, फरक पडत नाही. कायम नियुक्तीच्या निकालानंतर, २०२३ मध्ये, कर्नल पदाच्या १०८ जागांसाठी महिला अधिकाऱ्यांची निवड प्रक्रिया झाली आणि त्यांतून अनेकजणी युनिटच्या प्रमुख झाल्या. जवानांच्या मानसिकतेचा तो युक्तिवाद आता कागदावरच राहिला आहे.

पायदळाबद्दल तू रागाने लिहिले आहेस. पायदळ, रणगाडे आणि यांत्रिकी पायदळ आजही स्त्रियांना बंद आहे, हे खरे. पण लढाई त्या तीन ठिकाणीच होते असे नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानी विमाने आली तेव्हा आपल्या वैमानिकांना जमिनीवरून दिशा देणाऱ्यांत स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल होत्या. त्यांना युद्ध सेवा पदक मिळाले. हवाई दलात २०१६ पासून स्त्रिया लढाऊ विमाने उडवीत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या पाच महिला अधिकारी तोफखान्यात गेल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत इंजिनिअर्सच्या कॅप्टन शिवा चौहान यांची सियाचीनच्या कुमार चौकीवर, १५,६०० फुटांवर, नेमणूक झाली. तिथे थंडी कोणाची शाखा विचारत नाही. माझे स्पष्ट मत असे की, कामाला लागणारी शारीरिक पात्रता एकच असावी, ती आधी जाहीर व्हावी आणि ती पुरी करणाऱ्याला आत घ्यावे. तिच्यात सवलतही नको आणि नावावरून नकारही नको. पायदळाचा निर्णय होईल तेव्हा होईल, त्याची वाट पाहत तू परीक्षा पुढे ढकलू नकोस.

आता तयारीचे. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यातले ३०० गणिताचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, त्यामुळे अंदाजपंचे उत्तरे ठोकण्याची सवय आत्ताच मोड. तेवढेच, ९००, गुण एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या पाच दिवसांचे. तिथल्या मैदानावर फळी, बल्ली म्हणजे लाकडी वासा, आणि दोरी देऊन तुमच्या गटाला अडथळे पार करायला सांगतात. अनेक मुली तिथे एक चूक करतात: आपण दुबळ्या दिसू नये म्हणून सगळ्यांच्या वर आवाज चढवतात. बल्ली कुठे टेकवायची ते ज्याला सुचले आहे पण ज्याचे कोणी ऐकत नाही, अशा मुलाचे म्हणणे गटाला ऐकवणारी मुलगी परीक्षकाच्या वहीत वरती जाते. मुलाखतीत झाशीची राणी आणि ताराराणी यांची नावे घेऊ नकोस असे मी म्हणणार नाही. १७०० ते १७०७ अशी सात वर्षे औरंगजेबाला दमवणाऱ्या बाईचा अभिमान असायलाच हवा. पण समोरच्या अधिकाऱ्याला तू काय केलेस हे जाणून घ्यायचे असते, आणि त्या जागी ताराराणींचे नाव चालत नाही.

शरीराबाबत मात्र मी फार काटेकोर आहे. प्रशिक्षणात मुलींच्या नडगीच्या आणि कमरेखालच्या हाडांना ताणामुळे बारीक चिरा जाण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे सवय नसताना एकदम वाढलेली दौड. एकदा असे झाले की महिनोन्‌महिने मैदानाबाहेर बसावे लागते आणि सत्र मागे पडते. त्यामुळे निवड झाल्यावर धावू, असे म्हणू नकोस. आतापासून आठवड्यातून चार दिवस धाव, अंतर थोडे थोडे वाढव, पाठीवर वजन घेणे सगळ्यांत शेवटी. मातीवर धाव, डांबरावर नको. जेवणात डाळी, पालेभाजी, अंडी चालत असतील तर अंडी, आणि दूध. वजन कमी करायच्या नादात उपाशी राहणाऱ्या मुली सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत अडकतात.

बाबांशी वाद घालू नकोस, त्यांच्यापुढे माणसे ठेव. संसार आणि सेवा एकत्र होत नाही असे ते म्हणत असतील, तर माधुरी कानिटकर यांच्याविषयी सांग. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून त्या सैन्यात गेल्या, लेफ्टनंट जनरल झाल्या, त्यांचे यजमानही लेफ्टनंट जनरल, आणि निवृत्तीनंतर २०२१ मध्ये त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. भीती जिवाची असेल, तर तिला उत्तर माझ्याकडे नाही आणि खोटे उत्तर मी देणार नाही. सातारच्या कर्नल संतोष महाडिकांना २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरमरण आले आणि दोन वर्षांनी त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः अधिकारी होऊन बाहेर पडल्या, हे बाबांनाही ठाऊक असेल. त्यांच्या भीतीला तू मान दे.

यंदा जमले नाही तर पदवीनंतर सीडीएसची, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेची, वाट आहे. धाकटीला यात रस असेल तर दहावीनंतरसाठी नाशिकला २०२३ पासून राज्य सरकारची मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, तिच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात तिने चुकवू नये. तू तूर्त रक्ताची तपासणी करून घे आणि अहवाल मला पाठव. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आले तर डॉक्टरांना विचारून धावण्याचे वेळापत्रक आपण बदलू, आणि गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून झाल्या की चुकलेली उदाहरणे वेगळ्या वहीत उतरवून दाखवायला आण.

तुझी,
मावशी